घाटात जपून, सपाटीला बिनधास्त : कोयनेच्या रस्त्यावर आपण चुकतो कुठे?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. साठ वर्षे होत आली, तरी पाटण-चिपळूणकडची जुनी माणसे ती पहाट विसरलेली नाहीत. त्या भूकंपातून लोक शिकले, सरकारही शिकले. धरणाच्या भिंतीला मागून आधार देऊन ती मजबूत केली गेली, भूकंपाची नोंद घेणारी यंत्रे बसली. भूकंप थांबवता येत नाही, पण त्यात मरणाऱ्यांची संख्या कमी करता येते, एवढे शहाणपण त्या एका पहाटेने दिले.

आता दुसरा आकडा पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजार ८९० लोक मेले. दिवसाला ४७३. तासाला जवळजवळ वीस. म्हणजे कोयनेच्या भूकंपात जितके जीव गेले, तितके आपल्या रस्त्यांवर रोज नऊ तासांत जातात. २०२४ मध्ये हा आकडा १ लाख ७७ हजारांच्या वर गेला. एकट्या महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांहून जास्त लोक रस्त्यावर मरतात. यातून मात्र आपण काही शिकलो, असे दिसत नाही. रस्त्यावरचा मृत्यू दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींत येतो, व्हॉट्सॲपवर ‘इन्ना लिल्लाही’ लिहिले जाते आणि विषय संपतो.

दर पावसाळ्यात कुंभार्ली घाटाच्या बातम्या येतात. दरड आली, खड्डे पडले, वाहतूक बंद, वाहतूक सुरू. या बातम्यांमुळे एक समज पक्का झाला आहे की धोका काय तो घाटात. आम्हाला वाटते, हा समज तपासायला हवा. घाट भीतीदायक आहेच. पण रोजच्या प्रवासात माणसे जिथे जास्त मरतात, ती जागा बहुतेक वेळा वेगळी असते.

हा रस्ता कोणाचा?

गुहागरहून चिपळूण, अलोरे, शिरगाव, पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून हेळवाक-कोयनानगर, तिथून पाटण, कराड आणि पुढे सांगली जिल्ह्यातून जतमार्गे विजापूरला जाणारा हा रस्ता आज १६६ ई क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. कागदावर तो महामार्ग असला तरी लोकांसाठी घाटमाथा आणि कोकण यांना जोडणारी ती घरची वाट आहे. चिपळूण-खेडकडचा पेशंट मोठ्या उपचारासाठी याच वाटेने कराडला येतो. कोकणातली मासळी वर जाते, घाटावरची भाजी आणि धान्य खाली उतरते. घाटाखालच्या मुली घाटावर दिल्या आहेत आणि घाटावरच्या खाली. त्यामुळे लग्न, अकिका, ईद, मय्यत, सगळ्यासाठी गाडी याच रस्त्याने धावते. शनिवार-रविवारी त्यात ओझर्डे धबधबा आणि नेहरू उद्यान बघायला येणाऱ्यांची भर पडते.

एवढा ओळखीचा रस्ता झाला की माणूस त्याला ‘प्रवास’ म्हणत नाही. ‘कराडला जाऊन येतो’ म्हणतो. मुंबईला जायचे तर हवा तपासतो, पाणी बघतो. कराडला जायचे तर चावी फिरवतो आणि निघतो. खरी गोम इथे आहे.

भीती घाटाची, मृत्यू सरळ रस्त्यावर

मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल आपल्या समजाला धक्का देणारा आहे. त्या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ लोक मेले. यातले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले. वळणे, खड्डे आणि तीव्र चढ-उतार यांचा मिळून वाटा १४ टक्क्यांच्या आत होता. हवामान पाहिले तर जवळपास तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ, कोरड्या हवेत झालेले आहेत. आणि मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यूंच्या मागे अतिवेग होता.

आता कोणी म्हणेल, देशात सरळ रस्तेच जास्त आणि कोरडे दिवसही जास्त, मग अपघात तिथेच जास्त होणार. बरोबर आहे. या आकड्यांवरून घाट किंवा पाऊस सुरक्षित ठरत नाही. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत गेली आणि बसमधला एकच माणूस वाचला, हे कोकण कसे विसरेल? पण आकडे एवढे नक्की सांगतात की घाट उतरल्यावर किंवा चढल्यावर ‘सुटलो एकदाचे’ म्हणून जो सुस्कारा आपण टाकतो, तो फार लवकर टाकतो.

कुंभार्लीत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे वळणावर, मागे बसलेल्यांच्या तोंडी दुआ. हेळवाक मागे पडले, रस्ता मोकळा झाला की काय होते? फोन हातात येतो. मुलांना चिप्सची पुडी मागे दिली जाते. घाटात गेलेला वेळ ‘भरून काढायला’ काटा ऐंशी-नव्वदवर जातो. आणि पाटण ते कराड हा पट्टा काही रिकामा माळ नाही. रस्त्याला लागून गावे आहेत, शाळा आहेत, फाटे आहेत, दुधाची भांडी घेऊन मोटरसायलवर निघालेली माणसे आहेत.

वेगाचा साधा हिशेब मांडू. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर, ९० ला २५ मीटर. समोर काही आले हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ९० च्या वेगात ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३०-३५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ती थांबायला सुरुवात होणार. शिवाय वेग ६० वरून ८० केला, की धडकेचा जोर पावणेदोन पटींहून जास्त होतो. आणि या घाईतून मिळते काय? पाटण-कराड हे चाळीसेक किलोमीटरचे अंतर ६० ने चाळीस मिनिटांत आणि ८० ने तीस मिनिटांत होते. तेही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. गावे, गतिरोधक, बैलगाड्या धरल्या तर पाच मिनिटेही वाचत नाहीत.

रात्रीची उसाची ट्रॉली

या पट्ट्याचा आणखी एक खास धोका आहे. साधारण नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो आणि रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याकडे चालतात. ट्रॉली उसाने इतकी भरलेली असते की मागचा दिवा असला तरी झाकला जातो. रिफ्लेक्टर नसतो किंवा चिखलाने माखलेला असतो. एक ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत वीसच्या वेगाने चालतो. मागून ऐंशीने येणाऱ्याला ती काळोखातली भिंत दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. समोरून प्रखर दिव्यांची गाडी येत असेल तर तेवढेही दिसत नाही.

उपाय दोन्ही बाजूंनी आहेत. रात्री वेग तेवढाच ठेवा, जेवढ्या अंतरात आपल्या दिव्यांचा उजेड पडतो त्या अंतरात गाडी थांबवता येईल. समोरून गाडी आली की दिवे खाली करा आणि पायही थोडा सैल सोडा. दुसरीकडे कारखान्यांनी आणि आरटीओने ट्रॉलीला रिफ्लेक्टर पट्टी असल्याशिवाय तिला काट्यावर घेऊ नये. एक पट्टी काही रुपयांची असते. आपल्या वस्तीत ज्यांचे ट्रॅक्टर आहेत, त्यांनी हे काम सरकारची वाट न बघता करावे.

मागच्या सीटवरचे आपले लोक

४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर आदळली. पुढे बसलेले दोघे जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागातली महाग होती, सुरक्षेची सगळी साधने तिच्यात होती. पट्टा मात्र ज्याचा त्याने लावायचा असतो.

२०२२ मध्ये देशात पट्टा न लावलेले १६ हजार ७१५ लोक मेले. त्यात ८ हजार ३८४ चालक होते, उरलेले प्रवासी. म्हणजे अर्धे लोक गाडी चालवतही नव्हते. आपल्या घरांत मागच्या सीटवर कोण असते? अम्मी, दादी, बायको, लेकरे. चालवणारा पोलिसांच्या भीतीने पट्टा लावतो आणि ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांना तसेच बसवतो. सात सीटच्या गाडीत दहा जण, दोन पोरे मांडीवर, एक पुढे आजोबांच्या मांडीवर. पन्नासच्या वेगात धडक बसली तर पट्टा नसलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा मार लागतो. त्या क्षणी मांडीवरचे मूल कोणाच्याही हातात राहत नाही. पुढच्या सीटवर मांडीवर मूल असेल आणि एअरबॅग उघडली, तर जीव वाचवण्यासाठी असलेले साधनच त्या मुलाच्या जिवावर उठू शकते.

बायकांची तक्रार असते की बुरखा किंवा ओढणी पट्ट्यात अडकते, पोटावर दाबते. पट्ट्याची खालची पट्टी पोटावरून न घेता कमरेच्या हाडावर घ्यावी आणि वरची पट्टी खांद्याच्या मधोमध, मानेला न लागता छातीवरून यावी. कापडाचा चुणा पट्ट्याखाली गोळा होऊ देऊ नये. गरोदर बाईने खालची पट्टी पोटाच्या खालून घ्यावी. पट्टा सोडायचा नाही. असे बसले की दहा मिनिटांत सवय होते. कायद्याने मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास १ हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालच्या मुलालाही पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवीच.

मय्यत, इफ्तार आणि विमानतळ

आपल्या समाजाच्या प्रवासाच्या काही वेळा इतरांपेक्षा वेगळ्या आहेत. त्यांचा विचार आपणच करायला हवा.

पहिली वेळ मय्यतीची. आपल्याकडे दफनाला उशीर करत नाहीत. रात्री अकराला फोन येतो, सकाळी नमाज-ए-जनाजा आहे, आणि मुंबई, पुणे, कोल्हापूरकडून गाड्या तशाच निघतात. दिवसभर काम करून थकलेला, रडून डोळे सुजलेला माणूस रात्रभर गाडी हाकतो. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर झोप मागतेच. ऐंशीच्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळजवळ नव्वद मीटर चालकाशिवाय चाललेली असते. मोठ्याने गाणी, उघडी काच, तोंडात तंबाखू, यातले काहीही झोप थांबवत नाही. झोपेवर झोप हाच इलाज. गाडी पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात लावून वीस मिनिटे डोळे मिटा. आणि ज्याचा बाप किंवा भाऊ गेला आहे त्याच्या हाती स्टिअरिंग देऊच नका. गावातल्या जमातीनेही लांबून येणाऱ्यांचा विचार करून वेळ सांगावी आणि ‘लवकर या’ असे फोनवर फोन करू नयेत. ज्याला पोहोचता आले नाही त्याची दुआ कमी पडत नाही, कबरीवर नंतरही जाता येते. एका मय्यतीसाठी निघालेल्या गाडीने गावात दुसरी मय्यत आणू नये.

दुसरी वेळ रमजानमधली. तरावीह आणि सहरीमुळे झोप तुटलेली असते, दिवसभर पाणी नसते आणि मगरिबच्या आधीचा अर्धा तास प्रत्येकाला घरच्या दस्तरख्वानावर पोहोचायचे असते. आखाती देशांत याच कारणाने रमजानमध्ये सिग्नलवर आणि चौकात चालकांना खजूर-पाण्याची पाकिटे वाटतात, म्हणजे कोणी घाईत गाडी पळवू नये. आपल्याला तर तेही कोणाकडे मागायला नको. खजुराची पुडी आणि पाण्याची बाटली गाडीत ठेवा. वेळ झाली की गाडी बाजूला घ्या, रोजा सोडा, मग निघा. रस्त्याकडेला सोडलेला रोजा काही कमी होत नाही.

तिसरी वेळ हज-उमराहला जाणाऱ्यांना मुंबई विमानतळावर सोडण्याची. एका जाणाऱ्यामागे चार गाड्या जातात, सगळे रात्री, आणि परतताना सगळे दमलेले. सोडायला एक गाडी पुरे. बाकीच्यांनी गावातच गळाभेट घ्यावी. गेलेच तर परतीच्या आधी चालकाला झोपायला चार तास द्यावेत.

दुबईत एक, चिपळूणात दुसरे

कोकणातल्या घरटी कोणीतरी आखातात आहे किंवा होते. हाच माणूस दुबईत गाडीत बसला की आधी पट्टा लावतो, मागच्यांनाही लावायला सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत २०१७ पासून मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे आणि दंड ४०० दिरहम. तिथे तो लेन सोडत नाही, सिग्नल तोडत नाही. सुट्टीवर आला की मुंबई विमानतळाबाहेरच पट्टा सुटतो. माणूस तोच आहे. फरक एवढाच की तिथे चूक केली तर कॅमेऱ्यात सापडणार, याची त्याला खात्री आहे आणि इथे कोणी बघत नाही, याचीही खात्री आहे.

‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य आम्हाला म्हणून पटत नाही. शिस्त आहे, ती कधी दाखवायची हे लोक बरोबर ओळखतात. दंड किती मोठा यापेक्षा तो नक्की होणार का, यावर वागणे ठरते. चिरीमिरीवर सुटण्याची सोय जोवर आहे तोवर दंडाची रक्कम कितीही वाढवा, उपयोग नाही.

सुट्टीवर येणाऱ्यांना आणखी एक सूचना. आखातात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, आपल्याकडे डाव्या. वर्षभराची सवय एका दिवसात जात नाही. आल्या आल्या भावाची गाडी घेऊन कुंभार्ली चढू नका. दोन दिवस गावात चालवा, हात बसू द्या.

घाटाचे आपले नियम

घाट सुरक्षित आहे असे आम्ही म्हटलेले नाही. कोयना-नवजा हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी माणसे गाडली आणि त्याच दिवसांत खाली चिपळूण बुडाले. अशा दिवशी घाटात जायचेच नाही, हा पहिला नियम. अंदाज लाल किंवा नारिंगी असेल तर लग्नसुद्धा थांबू शकते.

उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही. पेट्रोल वाचते म्हणून बरेच जण सोडतात. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारे इंधन आपोआप बंद होते. म्हणजे न्यूट्रलवर काही वाचत नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे. इंजिन बंद करून उतरणे त्याहून वाईट, कारण दोन-चार वेळा पाय दिल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, विशेषतः भरलेल्या ट्रकला, कारण तो एकदा थांबला तर पुन्हा उचलायला त्रास होतो. वळणावर ओव्हरटेक नाही आणि वळणाआधी हॉर्न. धुके असेल तर दिवे खाली ठेवा, वरचे दिवे धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत येतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळता आहात ते कळत नाही. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीशी अंतर दुप्पट ठेवा. धबधबा दिसला म्हणून वळणावर गाडी उभी करून सेल्फी काढणाऱ्यांना काय सांगावे? तो फोटो मागून येणाऱ्याच्या जिवावर काढलेला असतो.

निघण्याआधी पाच मिनिटे टायरला द्या. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर कायद्यानेही बाद आहे आणि पावसात तर तो पाण्यावर तरंगतो. हवा गाडी थंड असताना भरा. वायपर, मागचे दिवे, ब्रेक. बस, एवढेच.

‘लिहिलेलेच होते’

अपघात झाला की घरी बसायला आलेले लोक म्हणतात, ‘वेळ आली होती, लिहिलेलेच होते.’ दुःखात धीर द्यायला हे वाक्य ठीक आहे. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती, यावर आपला ईमान आहे. पण तेच वाक्य पुढच्या वेळी पट्टा न लावण्याचे कारण होते, तिथे आमची हरकत आहे. तवक्कुल म्हणजे काय हे मदरशातले पोरगेही सांगेल, आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा. गाडीत आयतुल कुर्सीचे स्टिकर आहे आणि टायर गुळगुळीत आहेत, ही उंट मोकळा सोडल्याची खूण आहे.

आणि आपल्या चुकीने दुसऱ्याचा जीव गेला तर? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तेव्हा आपण सगळेच चिडलो होतो. पण सतराव्या वर्षी मुलाला ‘जा, नाक्यावरून दूध घेऊन ये’ म्हणून चावी देणारे बाप आपल्या मोहल्ल्यातही आहेत. अशा अपघातात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. कायद्याच्या आधी तो एका घराचा हक्क मारणे आहे, आणि माणसाचा मारलेला हक्क नुसत्या तोबेने फिटत नाही.

सरकारने काय करायचे?

सगळे चालकावर ढकलून सरकारला सुटता येणार नाही. रस्त्याची रचना, देखभाल चुकली आणि त्यातून मृत्यू झाला तर ठेकेदार आणि यंत्रणेलाही १ लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. याची माहिती गावोगावी पोहोचली पाहिजे.

ज्या पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू होतात, तो मंत्रालयाच्या व्याख्येत ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो आणि तिथे दुरुस्ती करावी लागते. म्हणजे आधी दहा मरायचे, मग फलक लागायचा. कराड ते चिपळूण या रस्त्यावर घाटातले कठडे, वळणावरचे आरसे, रात्री चमकणारे पट्टे, गावाच्या वेशीवर वेग कमी करणारी रचना आणि पावसाळ्याआधी खड्डे बुजवणे, या मागण्यांसाठी मरणांची वाट बघायचे कारण नाही. ग्रामपंचायतीचा ठराव करा, जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. हा विषय एका समाजाचा नाही. खड्डा कोणाचे नाव विचारत नाही. म्हणून हे काम सगळ्या गावाने मिळून करायचे.

अपघात झालाच तर

१०८ आणि ११२ हे दोन नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. घाटात रेंज जाते, तेव्हा एकाने जखमीपाशी थांबावे आणि दुसऱ्याने रेंज मिळेपर्यंत पुढे जाऊन फोन करावा. मान-पाठीला मार असेल तर जखमीला ओढून काढू नका, आगीचा धोका असेल तरच हलवा. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. त्याला पाणी पाजू नका.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती आता नको. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर आणि कायद्यातील कलम १३४-अ मुळे मदतकर्त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला ‘राह-वीर’ योजनेत २५ हजारांचे बक्षीसही आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनारोकड मिळण्याची योजना लागू झाली आहे. ‘आधी पैसे भरा’ असे कोणी म्हटले तर या योजनेचे नाव घ्या. आपल्या कराड-चिपळूण पट्ट्यात यात कोणती रुग्णालये आहेत, त्याची यादी प्रत्येक मशिदीच्या, मंदिराच्या, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे.

विम्याकडेही बघा. गाडीचा मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन्स चालू असेल तर त्याच्या मृत्यूनंतर वारसाला १५ लाख मिळण्याचा वैयक्तिक अपघात विमा असतो. लायसन्सची मुदत संपलेली असली तर हे पैसे अडकतात. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. इद्दतीत बसलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही आणि मुदत निघून जाते. जमातीतल्या एखाद्या शिकलेल्या माणसाने हे काम आपल्याकडे घ्यावे.

या जुम्यापासून

आमचे सांगणे थोडक्यात असे. जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा रमजानआधी, पाच मिनिटे रस्त्यावर बोलले जावे. रस्त्यातला काटा बाजूला करणे नेकी मानणाऱ्या समाजाला हे वेगळे पटवून द्यावे लागू नये. वलीम्याच्या पत्रिकेवर ‘पट्टा लावून या, रात्री परतू नका’ एवढी ओळ छापावी आणि पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय करावी. लग्नाच्या गाडीवर नवशिका पोरगा बसवू नये. आणि गाडी सुरू करण्याआधी घरातल्या सर्वात लहान मुलाला एक काम द्यावे, सगळ्यांचे पट्टे लागले का ते बघायचे आणि ‘चला’ म्हणायचे. पोराने म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही.